गिरणोबाचं छप्पर

“शेंदूर कुठं असतो गं आपल्याकडं?”

सरांनी असं विचारलं तेव्हा मी दुपारची भांडी घासत होते. हातातलं पातेलं हातातच राहिलं. सर म्हणजे माझा नवरा. अख्खी कॉलनी त्यांना भोकरे सर म्हणायची, मग मीही सरच म्हणायला लागले. गिरणीच्या शाळेत मुलांना भौतिकशास्त्र शिकवण्यात ह्यांची हयात गेली. लग्नानंतर देवाला गेलो तर हे बाहेर चपला सांभाळत उभे राहिले होते. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, जोडीनं पाया पडायचं राहिलंच. आणि तो माणूस भर दुपारी माझ्याकडं शेंदूर मागत होता.

“बरं वाटत नाही का तुम्हाला?” मी विचारलं.

“उत्तम वाटतंय. शेंदूर कुठंय?”

“देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. शनिवारी मारुतीला नेते तो. पण तुम्हाला कशाला?”

“तेलात कालवायचा की पाण्यात?”

“तेलात. अहो, पण कशाला?”

“एक प्रयोग आहे,” सर म्हणाले.

मग त्यांनी परसदारी जाऊन माझा वरवंटा उचलला. सकाळीच त्यानं लसणाची चटणी वाटली होती. तो त्यांनी नळाखाली धुतला, हुंगून बघितला, नाक मुरडलं आणि परत साबण लावून धुतला.

“अहो, तो वरवंटा कुठं निघाला? आणि पाट्याचं मी काय करू आता?”

“मिक्सर आहे ना तुझ्याकडं.”

“मिक्सरात चटणी होते, चव येत नाही. आणि वरवंट्याशिवाय पाटा ठेवून मी त्याची आरती करू का?”

पण तोवर वरवंटा भाजीच्या पिशवीत गेला होता, शेंदराची वाटी खिशात गेली होती, आणि डोक्यावर टोपी घालून सर उन्हात निघालेही होते. दुपारी आमची कॉलनी जेवून गाढ झोपते. ही वेळ सरांनी मुद्दाम निवडली होती, हे मला नंतर कळलं.

आता मागचं थोडं सांगायला हवं. कृष्णाकाठच्या आमच्या शहरात पूर्वी मोठी सूतगिरणी होती. तिच्या भोंग्यावर सगळी वस्ती उठायची, जेवायची आणि झोपायची. आजूबाजूच्या डोंगरातल्या, पठारावरच्या गावांतनं माणसं आली आणि गिरणीनं बांधलेल्या बैठ्या घरांत राहिली. मग गिरणी बंद पडली. भोंगा गेला, पत्र्याच्या शेडी रिकाम्या उरल्या, आणि मधे ते मैदान राहिलं, जिथं पूर्वी कापसाच्या गाठी रचून ठेवायचे. गाठी गेल्यावर तिथं सगळ्या शहराचा कचरा येऊन पडायला लागला. पावसाळ्यात दारं लावून जेवायची पाळी यायची, इतका वास.

सर निवृत्त झाले आणि त्या मैदानाच्या मागं लागले. महापालिकेत खेटे घालघालून त्यांनी ते कॉलनीला झाडं लावायला मिळवलं. मग ते आणि रशीदभाई बागवान, दोघं रोज सकाळी खोरी-टिकाव घेऊन जायचे. रशीदभाई आमच्याच गल्लीतले, गाड्यावर फळं विकायचे. सडलेली फळं ते खतासाठी आणायचे आणि रोपं कुठनं कुठनं मागून आणायचे. दोघांनी कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा, उंबर असं काय काय लावलं. ओल्या कचऱ्यासाठी खड्डा खणला. त्या खड्ड्यात मात्र कॉलनीतलं कुणी सालसुद्धा टाकेना. टाकायचे ते सगळे खड्ड्याच्या बाहेर, नेमके रोपांवर.

सरांनी काय काय करून बघितलं म्हणून सांगू! आधी ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पत्र्याची पाटी लावली. चार दिवसांत पाटी गायब. एकदा आम्ही कॉलनीतल्याच गौराक्कांकडं चहाला गेलो, तर त्यांच्या पाण्याच्या पिंपावर ती झाकण म्हणून ठेवलेली. सर चहा न पिताच उठले. मग त्यांनी कचऱ्यातनं कुठला वायू तयार होतो ते सविस्तर लिहून मोठा फलक लावला. लोक थांबून तो वाचायचे आणि वाचायला हात मोकळे व्हावेत म्हणून पिशव्या तिथंच खाली ठेवायचे. शेवटी सर शाळेतली शिट्टी घेऊन पहाऱ्याला बसले. स्कूटरवाले लांबूनच पिशवी गरगर फिरवून फेकायचे आणि शिट्टी ऐकून हात हलवायचे.

तर त्या दुपारी सर परत आले ते हात शेंदरी करून. संध्याकाळी मी मुद्दाम मैदानाकडं गेले. कचऱ्याच्या ढिगाच्या तोंडाशी गिरणीच्या काळातल्या जुन्या कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून माझा वरवंटा उभा होता, लालभडक. घाणेरडं फडकं आणि अंड्यांची टरफलं भरलेली पिशवी घेऊन एक बाई आली, वरवंट्यापाशी अडखळली, पिशवी पाठीमागं लपवली आणि मुकाट्यानं माघारी गेली. झाडामागं लपलेल्या सरांनी मला डोळा मारला. आमच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती, पण सरांनी डोळा मारलेला मी पहिल्यांदाच बघितला.

दुसऱ्या दिवशी वरवंट्यावर जास्वंद होती. तिसऱ्या दिवशी उदबत्ती. आठवडा गेला नाही तोच बायकांनी ढीग उपसून काढला, जागा झाडून सडा घातला आणि रांगोळी काढली. गौराक्का धापा टाकत माझ्या दारात आल्या. त्या पूर्वी गिरणीत कामाला होत्या, आणि कॉलनीत त्यांचा शब्द शेवटचा.

“आगं सुलभे, मैदानात द्येव बसलाय! चल बघाया!”

“कुठला देव, आक्का?”

“गिरणीचा द्येव. गिरणोबा. जाग्याला आपल्या परत आलाय. आन् खरं सांगू? बघितल्यावर मला वळखीचा वाटला. कुटं तरी बघितलंय मी ह्याला.”

मी पदरात तोंड लपवलं. हसू यायला लागलं होतं आणि भीतीही वाटत होती.

सर मात्र खूश. “प्रयोग यशस्वी झाला,” म्हणाले. “महिनाभरानं लोकांना सवय लागली की वरवंटा तुला परत.” महिना गेला, वर्षं गेली. वरवंटा परत येणं सोडाच, त्याच्याभोवती ओटा झाला, ओट्यावर छोटी घंटा आली. पण झाडं वाढली हो! देवाच्या पाठीमागं थुंकायचं नाही, फांदी मोडायची नाही, पान तोडायचं तर विचारून. निर्माल्य कुठं टाकायचं हा प्रश्न आला तेव्हा सरांनी हळूच खतखड्ड्याकडं बोट दाखवलं. मग निर्माल्यामागनं भाजीची देठं यायला लागली, कांद्याच्या साली यायला लागल्या. त्या खतावर बायकांनी मेथी आणि दोडके लावले. संध्याकाळी म्हातारीकोतारी माणसं उंबराखाली बसायला लागली. मला ते बघून बरं वाटायचं आणि सरांना बघून काळजी वाटायची, कारण सर दिवसेंदिवस गप्प व्हायला लागले होते.

“पलीकडच्या गल्लीतला तो पोरगा म्हणतो, गिरणोबाला बोललो म्हणून पास झालो,” एकदा जेवताना ते म्हणाले. “मी शिकवला त्याला! सगळी सुट्टी शिकवला!”

“मग देवाला नारळ दिला त्यानं. तुम्हाला पेढा दिला की.”

“पेढ्याचा प्रश्न नाही गं,” सर म्हणाले, आणि पुढचा घास घेतलाच नाही.

आणि मग उत्तम खोत आला.

उत्तम आमचा नगरसेवक. सरांचा विद्यार्थी, नववीत दोनदा बसलेला. दारात आला की आधी सरांच्या पायावर डोकं ठेवायचा, मग बोलायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला कुठंही मोकळी जमीन दिसली की तिथं सिमेंट दिसायचं.

“सर, आनंदाची बातमी!” तो खुर्चीत बसत म्हणाला. “गिरणोबाचा जीर्णोद्धार मंजूर झाला! सभामंडप, वर स्लॅब, खाली ग्रॅनाईट, पुढं सगळे पेव्हिंग ब्लॉक. लग्नासाठी हॉल. चपलांचा स्टँड वेगळा. सोमवारी भूमिपूजन, आणि ते तुमच्या हातनं!”

“आणि झाडं?” सरांनी विचारलं.

“झाडं काय, सर, कुठंही लावता येतात. आपण कुंड्या ठेवू ना! प्रत्येक खांबाला एक कुंडी.”

“उत्तम, मी तिथं येणार नाही.”

“सर, तुम्ही देव मानत नाही, हे मला माहीत आहे,” उत्तम समजुतीनं म्हणाला. “पण देव तुम्हाला मानतो. मैदान तुम्हीच तर राखलंत. नाही म्हणू नका. बॅनर छापायला गेलाय, त्यावर तुमचा फोटो आहे.”

तो गेल्यावर आम्ही मैदानात गेलो. झाडांच्या बुंध्यांवर चुन्याच्या फुल्या मारलेल्या. जांभळावर फुली, करंजावर फुली, तीन माणसांना सावली देणाऱ्या बहाव्यावर फुली. रशीदभाई उंबराशी उभे होते. हाताला थुंकी लावून फुली पुसायचा प्रयत्न करत होते, आणि चुना काही निघत नव्हता.

“भाभी, ह्ये झाड मी वाटीएवढं आणलं होतं,” ते म्हणाले. एवढंच म्हणाले आणि गाडा घेऊन निघून गेले.

सर ओट्याच्या कडेला बसले. देवाशेजारी बसायला बाकी कुणी धजलं नसतं, हे बसले.

“सोमवारी मी सगळं खरं सांगणार,” ते म्हणाले.

“अहो, लोक काय म्हणतील? गौराक्का रोज हात जोडतात त्याला. त्यांचं काय होईल? आणि सांगून झाडं वाचणार आहेत का? देव नाही म्हटल्यावर परत कचरा येईल, आणि मग उत्तम देवळाऐवजी दुकानांचे गाळे बांधेल.”

“मला माहीत आहे.”

“तुमची अब्रू जाईल हो. शाळेत तुम्ही एक अक्षर खोटं सांगितलं नाही, हे सगळे सांगतात.”

“म्हणूनच,” सर म्हणाले. “पोरांना सगळा जन्म सांगितलं, पुराव्याशिवाय मानू नका. आणि म्हातारपणी मीच वरवंट्याला शेंदूर फासला. त्या झाडांचं मरण माझ्या हातानं आणलं मी, सुलभा.”

मला इतकी कणव आली की भांडायचं सुचेना. मी नुसती शेजारी बसून राहिले, आणि समोर माझा वरवंटा शेंदूर लावून आमच्याकडं बघत होता. त्याचा मला भयंकर राग आला.

सोमवारी सगळी कॉलनी मैदानात. मांडव, लाउडस्पीकर, बॅनरवर उत्तमचा मोठा फोटो आणि कोपऱ्यात पासपोर्टएवढे सर. एका बाजूला जेसीबी उभा, त्याच्या दातांना झेंडूचं तोरण. उत्तमनं भाषण केलं, आणि मग म्हणाला, “आता आपले सर्वांचे गुरुवर्य भोकरे सर दोन शब्द सांगतील.”

सर उठले. वर्गात उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले.

“मंडळी,” सर म्हणाले, “हा देव नाही. हा आमच्या घरचा वरवंटा आहे. मी तो इथं आणला. शेंदूर मी लावला. लोकांनी कचरा टाकू नये, एवढ्यासाठी. मी तुम्हा सगळ्यांची फसवणूक केली. मला माफ करा.”

स्पीकर तेवढा खरखरत होता. वाटलं, झालं, संपलं सगळं.

पहिल्या रांगेतल्या गौराक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. हळूहळू ओट्यापाशी गेल्या, वाकल्या, वरवंट्याकडं अगदी जवळून बघितलं.

“तरीच!” त्या म्हणाल्या. “तरीच म्हणत हुते, ह्याला कुटं तरी बघितलंय! सुलभे, ह्यानंच तू चटणी वाटायचीस न्हवं?”

“हो आक्का,” मी कशीबशी म्हणाले.

“आन् मला वाटीभर धाडून द्यायचीस?”

“हो.”

गौराक्कांनी दोन्ही हात कपाळाला लावले. “तरीच त्या चटणीला तसली चव! आगं, द्येवाच्या हातचं खात हुतो आमी, आन् आमाला पत्त्या न्हाई!”

मांडवात एकच गलबला झाला. ज्यांनी ज्यांनी माझी चटणी खाल्ली होती, ते एकमेकांना सांगायला लागले. एक बाई म्हणाली, त्या चटणीनं माझं पोट बरं झालं होतं. सर “अहो, ऐका, ऐका” म्हणत होते, तोवर उत्तमनं त्यांच्या हातातला माइक प्रेमानं काढून घेतला.

“मित्रहो!” उत्तमचा आवाज भरून आला होता. “आयुष्यात देवळाची पायरी चढला नाही असा हा माणूस! आणि देवानं स्वतःची स्थापना करून घेतली ती कुणाच्या हातनं? याच माणसाच्या! याहून मोठा चमत्कार तुम्ही बघितलाय का?”

“गिरणोबाच्या नावानं चांगभलं!” लोक ओरडले.

“अरे, चमत्कार नाही! मी मुद्दाम ठेवला होता!” सर ओरडले.

“मुद्दाम असं तुम्हाला वाटलं, सर,” उत्तम हळुवारपणे म्हणाला, आणि त्यांना धरून खुर्चीवर बसवलं.

सर बसले. हरलेला माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा बघितलं. खरं बोलून हरलेला माणूस तर अजूनच वाईट दिसतो. जेसीबीवाल्यानं इंजिन चालू केलं. माझ्या अंगात कुठनं बळ आलं कोण जाणे, मी पदर खोचला, पुढं गेले आणि उत्तमच्या हातातला माइक घेतला.

“उत्तम,” मी म्हणाले, “देव सरांच्या हातनं बसला, हे तुला मान्य आहे?”

“एकदम मान्य, काकू!”

“सगळ्यांना मान्य आहे?”

“मान्य!” अख्खा मांडव म्हणाला.

“मग देवाला काय हवंय ते कुणाला विचारायचं? ज्याच्या हातनं बसला त्याला, का तुझ्या कंत्राटदाराला?”

लोक हसले. उत्तमही हसला, कारण पुढं काय येणार हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. “सरांनाच की, काकू.”

मी माइक सरांच्या तोंडाशी धरला. “सर, तुम्ही खोटं बोलत नाही. खरं तेवढंच सांगा. वरवंटा इथं ठेवलात तेव्हा तुमच्या मनात काय होतं?”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्या डोळ्यांत हळूहळू उजेड आला.

“माझ्या मनात एवढंच होतं,” ते म्हणाले, “की इथली झाडं जगावीत. कुणी फांदी तोडू नये. कुणी घाण टाकू नये.”

“देऊळ बांधावं असं होतं?”

“अजिबात नाही.”

“फरशी?”

“छे! फरशी घातली की जमिनीत पाणी मुरत नाही.”

“आणि छप्पर?”

“छप्पर कशाला?” सर वर बघत म्हणाले. “कडुनिंब आहे की डोक्यावर.”

क्षणभर सगळे त्या कडुनिंबाकडं बघत राहिले. मग गौराक्का म्हणाल्या, “बराबर हाय. आमच्या गावच्या द्येवालाबी छप्पर चालत न्हाई. दोनदा घातलं, दोन्ही येळेला वाऱ्यानं उडालं. त्याच्या राईतली वाळकी काडीबी कुणी चुलीला नेत न्हाई.”

“आमच्याकडंबी तसंच हाय,” मागनं एक जण म्हणाला. “आमच्याबी,” दुसरा म्हणाला. मग मलाही माझं माहेर आठवलं. शिराळ्याकडच्या डोंगरातली आमची देवराई, उन्हाळ्यात गार असायची, आणि लहानपणी तिथनं जाताना आम्ही मुली आवाजसुद्धा करायचो नाही. सगळी कॉलनी असल्याच गावांतनं गिरणीत आली होती. प्रत्येकाच्या गावाला एक राई होती, आणि गिरणीच्या भोंग्यात आम्ही सगळे ती विसरून गेलो होतो.

उत्तमनं घाम पुसला. “पण मंजुरी आलीय,” तो म्हणाला. “मशीन आलंय…”

तेवढ्यात मशीनच बंद झालं. जेसीबीवाला खाली उतरला, चपला काढल्या, वरवंट्याला हात जोडले आणि उत्तमला म्हणाला, “दादा, मी बालबच्च्यांचा माणूस आहे. ह्या झाडाला मी हात लावणार नाही. दुसरा कोण लावत असेल तर बघा.”

दुसरा कोण लावणार? कंत्राटदार तर केव्हाच मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला होता. उत्तमनं एकदा लोकांकडं बघितलं, एकदा झाडांकडं, आणि माइक घेतला. नववीत दोनदा बसला असेल, पण पोरगं हुशार.

“आणि म्हणूनच,” तो गरजला, “आज मी या ठिकाणी गिरणोबाची देवराई जाहीर करतो! छप्पर नाही, फरशी नाही! झाडांना बारमाही पाणी मिळावं म्हणून टाकी आणि पाइपलाइन मी देणार! आणि या देवाचा पहिला मान कायमचा भोकरे सरांचा! दर सोमवारी पहिलं पाणी त्यांनीच घालायचं!”

चांगभलं झालं. नारळ फुटला. रशीदभाई माझ्याकडं बघून हसत होते आणि डोळे पुसत होते. घरी आल्यावर सर कपडे न बदलताच कॉटवर बसले.

“मी खरंच सांगितलं ना गं?” त्यांनी विचारलं.

“अगदी खरं सांगितलंत.”

“मग त्याचं हे काय झालं?”

“झाडं वाचली. अजून काय व्हायला पाहिजे होतं?”

“पण हे कुठल्या नियमात बसत नाही, सुलभा.”

“न बसेना का,” मी म्हणाले. “भूक लागलीय का सांगा.”

त्यांना भूक लागली होती. चार पोळ्या खाल्ल्या त्यांनी त्या दिवशी.

पुढं दर सोमवारी सरांना तांब्या घेऊन जावंच लागायचं. पहिल्यांदा चिडचिड केली. मग म्हणाले, वरवंट्यालगत पिंपळाचं रोप आलंय, त्याला पाणी लागतंच, मी रोपाला घालतो. लोकांना ते पाया पडल्यासारखं दिसायचं, आणि सरांना ते रोप दिसायचं, त्यामुळं दोघांचंही चालायचं. एकदा मी मागनं गेले तर सर वरवंट्यासमोर वाकून काहीतरी पुटपुटत होते.

“काय म्हणत होतात?” मी विचारलं.

“काही नाही. रस्त्यावर पारा किती आहे आणि झाडाखाली किती, ते सांगत होतो. चांगला फरक पडलाय.”

“देवाला सांगत होतात?”

“मग तिथं दुसरं कोण होतं?” सर म्हणाले, आणि तांब्या घेऊन झपाझप पुढं गेले.

सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. उन्हाळ्यात गेले. सगळी कॉलनी येऊन उंबराखाली बसली होती, आणि एवढ्या माणसांत कुणाला ऊन लागलं नाही. माझ्या मनात तेवढंच राहिलं. राईत आता धनेश पक्षी येतात. गिरणीच्या शेडी पाडून तिथं उंच इमारती झाल्या, आणि झाडं दिसतात म्हणून त्यांनी नाव ठेवलंय ‘गिरणोबा व्ह्यू’. उत्तमनंच उद्घाटन केलं. गौराक्का ते बघायला राहिल्या नाहीत.

यंदा मात्र मागच्या कोपऱ्यात पिशव्या दिसायला लागल्या. त्या नव्या इमारतींच्या बाजूनं कुंपणावरनं टाकलेल्या, काळ्या, गाठ मारलेल्या. गिरणोबा पुढं, कडुनिंबाखाली. त्याचा धाक मागपर्यंत पोचत नव्हता. मी त्या इमारतींत जाऊन सांगून आले. सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दोन पिशव्या जास्त होत्या. रात्रभर मला सरांची शिट्टी ऐकू येत राहिली.

दुपारी कॉलनी जेवून झोपली, तेव्हा मी रशीदभाईंना हाक मारली. ते आता फळं विकत नाहीत, पण गाडा ठेवलाय. परसात नळाशेजारी माझा पाटा पडून होता, शेवाळ धरून. आम्ही दोघांनी मिळून तो गाड्यावर चढवला. उचलताना दोघांचीही कंबर धरली आणि दोघंही हसलो.

“भाभी, हा सरांचाच प्रयोग का?” मागच्या कोपऱ्यात पोचल्यावर रशीदभाईंनी विचारलं.

“तोच,” मी म्हणाले, आणि पदराखालची वाटी काढली.

त्यांनी पायानं जमीन सारखी केली. पाटा कुंपणाला टेकून उभा केला. मी शेंदूर लावला. इतकी वर्षं चटणी वाटलेला तो दगड, टाकीचे घाव केव्हाच झिजलेले. हात फिरवताना मला रडू आलं. रशीदभाई तोंड फिरवून उभे राहिले, आणि माझं आटोपल्यावर गाडा ओढत परत निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी पिशवी नव्हती, जुन्याही कुणीतरी उचलून नेल्या होत्या. पाट्यासमोर एक मुलगी उभी होती, त्या नव्या इमारतीतली, कानात काहीतरी घातलेलं, पायातले बूट काढून ठेवलेले.

“आजी, ही कुठली देवी?” तिनं मला विचारलं.

“गिरणाई,” मी म्हणाले. “गिरणोबाची बायको.”

“मग इतके दिवस कुठं होती?”

“घरीच होती, परसात. तो इकडं आल्यापासून तिला काही कामच उरलं नव्हतं.”

मुलीनं अगदी मनापासून हात जोडले. मग मुठीतलं बिस्किटाचं रिकामं पाकीट माझ्या नजरेआड करत तिनं हळूच स्वतःच्या खिशात ठेवलं.